लेकराचे बक्षीस आणि आयकराचे दोन प्रश्न

आठवी-नववीतल्या एका मुलीला तीन लाख रुपयांचे बक्षीस मिळाले, असे समजा. एखाद्या संस्थेच्या चित्रकला स्पर्धेत परीक्षकांनी निवड करून ते दिले असेल आणि त्या वर्षी तिचे दुसरे उत्पन्न नसेल, तर बहुधा एक रुपयाही कर लागणार नाही. तेच तीन लाख दिवाळीच्या खरेदीवर मिळालेल्या कूपनांच्या सोडतीत तिच्या नावाने निघाले, तर ९३,६०० रुपये कर आहे आणि तो आईच्या किंवा वडिलांच्या विवरणपत्रातून भरायचा आहे. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत तिने तेच तीन लाख जिंकले, तर कर पुन्हा ९३,६०० रुपयेच, पण या वेळी तिच्या स्वतःच्या नावावर. रक्कम तीच, मुलगी तीच, निकाल मात्र तीन. याचे कारण असे की आयकर खाते इथे दोन स्वतंत्र प्रश्न विचारते: हे उत्पन्न कोणाचे, आणि त्यावर दर कोणता? पहिल्याचे उत्तर एका कलमात आहे, दुसऱ्याचे दुसऱ्याच कलमात, आणि एकाच्या उत्तरावरून दुसऱ्याचे उत्तर निघत नाही. मुलांच्या बक्षिसांबाबत होणारे बहुतेक घोटाळे हे दोन प्रश्न एकात कालवल्यामुळे होतात. कोणी म्हणते, मूल अज्ञान आहे म्हणजे कर नाहीच. कोणी म्हणते, बक्षीस म्हटले की तीस टक्के आलेच. दोन्ही विधाने अर्धीच खरी असतात.

इथले आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या नव्या करपद्धतीचे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा आयकर कायदा, २०२५ याने घेतली आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदलले, ‘करनिर्धारण वर्ष’ जाऊन ‘कर वर्ष’ आले, पण या विषयातली तत्त्वे तशीच राहिली. सीए मंडळींच्या तोंडी अजून जुनेच क्रमांक आहेत, म्हणून खालीही तेच दिले आहेत.

दोन प्रश्नांकडे वळण्याआधी एक मूळ आक्षेप निकालात काढला पाहिजे. बक्षीस हे उत्पन्न नसून कौतुक आहे, मग त्यावर कर कसला, असे पुष्कळांना मनापासून वाटते. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आला आहे. जी. आर. कार्तिकेयन हे मोटार रॅलीतले नामवंत चालक. पुढे फॉर्म्युला वनमध्ये उतरलेल्या नारायण कार्तिकेयनचे वडील. अखिल भारतीय हायवे मोटार रॅलीत त्यांना एकूण २२,००० रुपयांचे बक्षीस मिळाले होते. रॅली म्हणजे शर्यत नव्हे, लॉटरी तर नव्हेच, तेव्हा हे पैसे कायद्यातल्या ‘उत्पन्न’ या व्याख्येत बसत नाहीत, असा त्यांचा युक्तिवाद होता आणि मद्रास उच्च न्यायालयाला तो पटलाही. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. उत्पन्नाची व्याख्या ‘यांचा समावेश होतो’ अशा धाटणीची आहे. तिच्यात नाव घेऊन न सांगितलेली प्राप्तीही उत्पन्न असू शकते, असे न्यायालयाने धरले. तेव्हा ‘बक्षिसाचा उल्लेख कुठे आहे दाखवा’ या पवित्र्यात आता दम नाही.

हौशी खेळाडूंच्या बाजूने एक जुना दाखला मात्र आहे. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या १९८६ च्या परिपत्रक क्रमांक ४४७ मध्ये म्हटले होते की व्यावसायिक नसलेल्या खेळाडूला मिळालेले पारितोषिक हे भेट किंवा वैयक्तिक गौरव या स्वरूपाचे आहे, त्यामुळे ते करपात्र नाही. जत्रेच्या फडात इनामाची कुस्ती मारणाऱ्या सोळा वर्षांच्या पोराला हे परिपत्रक कामाचे वाटेल, आणि ते पुढे करायला हरकतही नाही. पण ते लिहिले गेले तेव्हा भेटीवर घेणाऱ्याला आयकर नव्हता. २००४ पासून तो आला. आज नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळालेली रोख भेट ५०,००० रुपयांच्या वर गेली की सगळी रक्कम करपात्र होते, वरची तेवढीच नव्हे. म्हणजे ‘हे बक्षीस नाही, भेट आहे’ असे म्हणून सुटका होईलच असे नाही. आगीतून फुफाट्यात जाण्याचाही संभव आहे. दहावी-बारावीच्या निकालानंतर गावोगाव गुणवंतांचे सत्कार होतात. पतसंस्था, सराफ, स्थानिक पुढारी पाकिटे देतात. ती सगळी पाकिटे मुलाच्या नावे एकत्र मोजायची असतात. देणारी संस्था आयकर खात्याकडे नोंदलेला धर्मादाय न्यास असेल, तर ती रक्कम या मोजणीतून वगळली जाते. सायकल किंवा लॅपटॉप भेट मिळाला तरीही प्रश्न येत नाही, कारण भेटीच्या कलमात ‘मालमत्ता’ म्हणून ज्या वस्तू मोजल्या आहेत (जमीन, दागिने, शेअर, चित्रे वगैरे) त्यांत या दोन्ही नाहीत. सत्कार समितीने रोख पाकिटाऐवजी लॅपटॉप द्यावा, हा सल्ला शैक्षणिक कारणांसाठी नेहमी दिला जातो; त्याला हे एक आयकराचे कारणही आहे.

आता पहिला प्रश्न: उत्पन्न कोणाचे? कलम ६४(१ए) सांगते की अज्ञान मुलाचे, म्हणजे अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाचे, उत्पन्न आईवडिलांपैकी एकाच्या उत्पन्नात मिळवायचे. व्यवहारात याला क्लबिंग म्हणतात. ही तरतूद १९९२ च्या वित्त कायद्याने आली, आणि तिचा रोख बक्षिसांवर नव्हता. मुलांच्या नावाने ठेवी ठेवायच्या, त्यांचे वेगळे विवरणपत्र भरायचे आणि घरातले उत्पन्न पाच नावांत वाटून प्रत्येक नावावर करमाफीची मर्यादा वापरायची, ही युक्ती बंद करायची होती. हेतू असा असल्यामुळेच कायद्याने दोन अपवाद ठेवले. मुलाने अंगमेहनत करून मिळवलेले उत्पन्न, आणि त्याचे कौशल्य, प्रतिभा किंवा विशेष ज्ञान व अनुभव कामी लावून मिळवलेले उत्पन्न. ही दोन्ही त्या मुलाचीच. बापाने ती मुलाच्या नावावर वळवलेली नाहीत, मग बापाच्या गळ्यात का घालायची, हा त्यामागचा साधा न्याय.

बक्षिसाला हा अपवाद लागू करायचा तर एकच विचारायचे: निकाल कशामुळे लागला? परीक्षकांनी पाहून, ऐकून, वाचून, मोजून निवड केली असेल, तर ते कौशल्य. चिठ्ठी काढली असेल, तर ते नशीब. बुद्धिबळ, कुस्ती, नाट्यवाचन, विज्ञान प्रकल्प, पोहणे, ढोलकी यांबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. डी. गुकेश याने एप्रिल २०२४ मध्ये टोरांटोची कँडिडेट्स स्पर्धा जिंकली तेव्हा तो सतरा वर्षांचा होता, आणि डिसेंबरात सिंगापूरला जगज्जेता झाला तेव्हा अठरा पूर्ण झालेला. दोन्ही बक्षिसे एकाच आर्थिक वर्षातली, मध्ये सज्ञान होण्याची रेघ. तरी ‘उत्पन्न कोणाचे’ या प्रश्नाला ती रेघ काहीच करत नाही, कारण पटावरचे यश पहिल्यापासून खेळाडूचे स्वतःचेच. सोडतीचे बक्षीस असते तर मात्र वाढदिवसाआधीचे पालकांकडे आणि नंतरचे मुलाकडे, असे वर्ष दुभंगले असते.

अडचण होते ती मधल्या प्रकारांत. ‘आमचा साबण मला का आवडतो, दहा शब्दांत लिहा’ असे कूपनवर छापलेले असते, पण विजेता शेवटी टोपलीतून निघतो. दहा शब्द लिहिल्याने ते कौशल्य ठरत नाही. उलट सामान्यज्ञानाच्या प्रश्नमंजुषेत नशिबाचा थोडा वाटा असला, तरी ज्ञान नसलेला मुलगा तिथवर पोचत नाही, म्हणून तिथे कौशल्याचा दावा भक्कम आहे. आणि हा दावा तोंडी राहून चालत नाही. स्पर्धेची नियमावली, परीक्षकांनी निवड केल्याचा उल्लेख असलेले पत्र, गुणपत्रक, प्रमाणपत्र हे जपून ठेवले पाहिजे. खात्याची विचारणा दोन वर्षांनी येते, आणि तोवर आयोजक मंडळाचे पदाधिकारी बदललेले असतात.

अपवाद लागू होत नसेल, तर बक्षीस कोणत्या पालकाकडे जाते? क्लबिंग करण्याआधी ज्याचे एकूण उत्पन्न जास्त, त्याच्याकडे. वडिलांकडेच जावे असे कुठेही म्हटलेले नाही. एकदा एकाच्या उत्पन्नात मिळवायला सुरुवात झाली की पुढच्या वर्षी सोयीने दुसऱ्याकडे वळवता येत नाही. अधिकाऱ्याला तसे आवश्यक वाटले आणि त्याने म्हणणे मांडण्याची संधी दिली, तरच बदल होतो. आईवडिलांचा विवाह टिकून नसेल, तर त्या वर्षी जो मुलाला सांभाळतो त्याच्याकडे. सावत्र आणि दत्तक मूलही ‘मूल’ या शब्दात येते. आजी-आजोबा, मामा, काका यांच्या उत्पन्नात मात्र नातवाचे किंवा भाच्याचे उत्पन्न कधीच मिळवायचे नसते, मूल त्यांच्याजवळ वाढत असले तरी. कलम ८०यू मध्ये सांगितलेले अपंगत्व असलेल्या मुलाचे कोणतेही उत्पन्न, सोडतीचेसुद्धा, त्याचेच राहते. गोव्यातल्या वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पोर्तुगीज नागरी संहितेनुसार पती-पत्नीची मालमत्ता समाईक असेल, तिथे कलम ५ए प्रमाणे पगार सोडून बाकीचे उत्पन्न दोघांत निम्मे-निम्मे वाटले जाते. त्यामुळे ‘जास्त उत्पन्न कोणाचे’ हे ही वाटणी करूनच पाहावे लागते, आणि कधीकधी उत्तर अंदाजापेक्षा वेगळे निघते.

क्लबिंग झाल्यावर दिलासा म्हणून कायदा दर मुलामागे वर्षाला १,५०० रुपयांची सूट देतो, तीही फक्त जुन्या करपद्धतीत. नव्वदच्या दशकापासून हा आकडा हललेला नाही. महागाईचा मान राखून तो वाढवावा किंवा सरळ काढून टाकावा. आज तो विवरणपत्रातली एक ओळ अडवण्यापलीकडे काही करत नाही.

दुसरा प्रश्न दराचा. कलम ११५बीबी नुसार लॉटरी, शब्दकोडी, शर्यती, पत्ते व ‘कोणत्याही प्रकारचे इतर खेळ’, जुगार आणि पैजा यांतून जिंकलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के कर आहे, वर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. इथे चार लाखांची करमुक्त मर्यादा चालत नाही, ८०सी सारख्या वजावटी चालत नाहीत, १२ लाखांपर्यंत कर शून्य करणारी सूट या रकमेला लागत नाही, आणि स्पर्धेसाठी केलेला प्रवास, पोशाख, शिकवणीचा खर्चही वजा होत नाही. २००१ च्या वित्त कायद्याने यात दोन स्पष्टीकरणे घातली. सोडतीने, योगायोगाने किंवा कोणत्याही योजनेखाली दिलेले बक्षीस लॉटरीत धरायचे. आणि लोक बक्षिसासाठी चढाओढ करतात असा टीव्हीवरचा किंवा इलेक्ट्रॉनिक माध्यमातला गेम शो अथवा मनोरंजनाचा कार्यक्रम ‘इतर खेळां’त धरायचा. ‘कौन बनेगा करोडपती’चा पहिला बहर २००० सालचा, हे लक्षात घेतले की या दुरुस्तीची वेळ आपोआप कळते.

इथे पालकांचा आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. पहाटे उठून रियाज केलेल्या मुलाने ‘सा रे ग म प लिटल चॅम्प्स’सारख्या मंचावर गाऊन मिळवलेला पैसा आणि सोडतीत निघालेला पैसा यांना एकच दर कसा? पहिल्या प्रश्नात कायद्याने ज्याला प्रतिभा म्हटले, त्यालाच दुसऱ्या प्रश्नात जुगाराच्या पंक्तीला बसवले, ही विसंगती नाही का? माझ्या मते आहे. पण ती कायद्याच्या शब्दांतच आहे, अर्थ लावण्यातल्या चुकीमुळे आलेली नाही. ११५बीबी कौशल्य आणि नशीब असा भेद करतच नाही. टीव्हीवरची चढाओढ असली की पुरे. म्हणून ‘माझ्या मुलीचे बक्षीस कौशल्याचे आहे, तेव्हा चार लाखांपर्यंत करमुक्त’ असे म्हणून तिचे विवरणपत्र भरणाऱ्या पालकाला नोटीस येण्याची दाट शक्यता आहे. कौशल्यामुळे उत्पन्न तिचे झाले, एवढेच. दर त्याने ठरला नाही.

दर जर तोच, तर नाव कोणाचे याने फरक काय पडतो? मोठा पडू शकतो. आईचे करपात्र उत्पन्न ४५ लाख आहे आणि मुलाच्या नावाने सोडतीत दहा लाखांची मोटार निघाली, असे धरा. क्लबिंगनंतर तिचे एकूण उत्पन्न ५५ लाख होते, म्हणजे पन्नास लाखांची रेघ ओलांडते. आता १० टक्के अधिभार लागतो, आणि तो फक्त मोटारीवरच्या करावर न लागता सगळ्या करावर लागतो: पगारावरचा कर ९.३० लाख, मोटारीवरचा ३ लाख, मिळून १२.३० लाखांवर १.२३ लाख, वर उपकर. हेच दहा लाख मुलाने टीव्हीवर गाऊन मिळवले असते, तर ते त्याच्याच नावावर राहून हा अधिभार आलाच नसता. तीस टक्के दोन्हीकडे सारखेच, तरी घरातून जाणारा पैसा वेगळा.

टीव्ही, ऑनलाइन आणि सोडत यांच्याबाहेरच्या स्पर्धांत चित्र इतके स्वच्छ नाही. बुद्धिबळाची खुली स्पर्धा किंवा कुस्तीचा फड ‘कोणत्याही प्रकारचे इतर खेळ’ यात येतो का? कार्तिकेयन खटल्यातच सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की हे शब्द व्यापक आहेत आणि त्यांचा अर्थ निव्वळ जुगारापुरता आखडता येत नाही. खात्याला हा आधार मिळतो. दुसऱ्या बाजूला, ज्या यादीत लॉटरी, पत्ते आणि पैजा आहेत, त्या यादीत बसवायला मैदानी खेळ कसा पात्र, असा युक्तिवाद करता येतो. चित्रकला, निबंध, वक्तृत्व, विज्ञान प्रकल्प यांना ‘खेळ’ म्हणायला कोणी फारसे धजणार नाही, म्हणून तिथे नेहमीचे टप्पे लावणे रास्त. खेळांच्या बाबतीत सावध आयोजक ३० टक्के कापून मोकळे होतात. बक्षीस घेण्याआधीच विचारावे की टीडीएस कोणत्या कलमाखाली कापणार. १९४बी असे उत्तर आले, तर आयोजकाने तुमचे बक्षीस ११५बीबीच्या रांगेत बसवले आहे आणि पुढे परतावा मागायचा तर तुम्हाला कारणांसह मागावा लागेल, हे तिथल्या तिथे कळते.

टीडीएसबद्दलचे दोन समज खोडून काढायला हवेत. पहिला, दहा हजारांपर्यंतच्या बक्षिसावर कर नाही. १ एप्रिल २०२५ पासून एका व्यवहारात १०,००० रुपयांहून जास्त बक्षीस असेल तरच आयोजकाने कर कापायचा असतो, हे खरे. पण ही मर्यादा कापण्याची आहे, कर लागण्याची नाही. गणेशोत्सवातल्या लकी ड्रॉमध्ये निघालेले आठ हजारही करपात्रच. दुसरा समज असा की कर कापला म्हणजे विषय संपला. टीडीएस ३० टक्के असतो. उपकर आणि लागू असल्यास अधिभार त्यात नसतो. मुलाने टीव्हीवर एक कोटी जिंकले, तर कापले जातील ३० लाख. प्रत्यक्ष कर मात्र अधिभार आणि उपकर धरून ३४.३२ लाख होतो. राहिलेले ४.३२ लाख आगाऊ कर म्हणून भरावे लागतात. अशा अनपेक्षित प्राप्तीसाठी कायद्याने एवढी सवलत ठेवली आहे की बक्षीस मिळाल्यानंतरच्या उरलेल्या हप्त्यांत, किंवा हप्ता उरला नसेल तर ३१ मार्चपर्यंत, रक्कम भरली तर आधीचे हप्ते चुकल्याचे व्याज लागत नाही.

बक्षीस वस्तूच्या रूपात असेल, तर कर भरला गेल्याची खात्री केल्याशिवाय आयोजकाने वस्तू हातात द्यायची नसते. ९०,००० रुपयांची स्कूटर असेल तर २७,००० रुपयांची सोय विजेत्याला आधी करावी लागते. नेमक्या याच नियमाचा फायदा भामटे घेतात. ‘तुमच्या मुलाला लॉटरी लागली, आधी टॅक्स पाठवा’ असे फोन कित्येक वर्षे चालू आहेत, त्यातले बरेच ‘केबीसी’चे नाव सांगतात. खरा कर आपल्याच पॅनवर, आयकर पोर्टलवरून चलनाने भरायचा असतो. कोणाच्या खात्यावर किंवा यूपीआय क्रमांकावर पाठवायचा नसतो. शंका असेल तर चलन आपण स्वतः भरून त्याची प्रत देण्याची तयारी दाखवावी. पलीकडचा माणूस त्याला नकार देत असेल, तर बक्षीस अस्तित्वातच नाही.

ऑनलाइन पैशांच्या खेळांचा विषय थोडक्यात. एप्रिल २०२३ पासून त्यांवर वेगळ्या कलमाने निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर आहे, आणि टीडीएससाठी दहा हजारांची मर्यादाही नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये तर संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. मुलगा वडिलांच्या नावाच्या खात्यावरून असे काही खेळत असेल, तर घरात बोलायचा पहिला विषय कराचा नसावा.

काही प्राप्ती दोन्ही प्रश्नांच्या आधीच बाजूला निघतात. शिक्षणाच्या खर्चासाठी दिलेली शिष्यवृत्ती कलम १०(१६) खाली पूर्ण करमुक्त आहे. शालेय शिष्यवृत्ती परीक्षेतून मिळणारी रक्कम पालकांनी उत्पन्नात दाखवण्याचे कारण नाही. केंद्र किंवा राज्य सरकारने लोकहितासाठी सुरू केलेला पुरस्कार, किंवा अन्य संस्थेचा पण केंद्राने मान्यता दिलेला पुरस्कार, कलम १०(१७ए) खाली करमुक्त असतो. ऑलिंपिक, राष्ट्रकुल आणि आशियाई स्पर्धांतल्या पदकविजेत्यांना सरकारांनी दिलेली रोख बक्षिसेही २०१४ च्या आदेशाने याच कलमात आली. मात्र ‘राज्यस्तरीय’ किंवा ‘राष्ट्रीय’ हे शब्द प्रमाणपत्रावर छापले म्हणून पुरस्कार सरकारी होत नाही. मान्यतेचा आदेश आहे का, हे आयोजकालाच विचारावे.

कागदपत्रांचे काम बक्षीस मिळण्याआधी उरकलेले बरे. मुलाचे पॅन काढता येते. अर्जावर पालक प्रतिनिधी म्हणून सही करतो. बक्षीस कौशल्याचे असेल, तर टीडीएस मुलाच्याच पॅनवर जमा झाला पाहिजे, पालकाच्या नव्हे. सोयीसाठी वडिलांचे पॅन दिले की खात्याच्या नोंदीत ते उत्पन्न वडिलांचे दिसते आणि मग स्पष्टीकरणे देत बसावे लागते. उलट बक्षीस सोडतीचे असेल आणि कर मुलाच्या पॅनवर कापला जाणार असेल, तर नियम ३७बीए प्रमाणे आयोजकाला लेखी कळवून तो संबंधित पालकाच्या नावे जमा करून घेता येतो. मुलाचे वेगळे विवरणपत्र भरायचे झाल्यास पालकाला पोर्टलवर प्रतिनिधी म्हणून नोंदणी करावी लागते. मंजुरीला वेळ जातो, जुलैच्या शेवटच्या आठवड्यावर ते सोडू नये. बक्षीस ११५बीबीचे असेल तर साधा आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ लागतो. क्लबिंग असेल तर ते पालकाच्या विवरणपत्रातल्या ‘एसपीआय’ परिशिष्टात दाखवायचे. वर्षभरात २५,००० किंवा जास्त टीडीएस कापला गेला असेल, तर उत्पन्न कमी असले तरी विवरणपत्र बंधनकारक आहे. चित्रकलेच्या बक्षिसातून चुकून ३० टक्के कापले गेले असतील, तर ते परत मिळवण्याचा मार्गही तोच.

बक्षीस हातात पडल्यानंतर एक बाब हमखास राहून जाते. कौशल्याचे बक्षीस मुलाचे असले, तरी ते मुदत ठेवीत टाकल्यावर मिळणारे व्याज कौशल्याचे नसते. ते अज्ञान मुलाचे साधे उत्पन्न, म्हणून दरवर्षी पालकाच्या उत्पन्नात मिळवायचे. तीन लाखांवर सात टक्क्यांनी २१,००० रुपये व्याज आले, तर तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या पालकाला त्यावर साडेसहा हजारांहून जास्त कर आहे, मुलाने मूळ रकमेवर एक पैसा भरलेला नसला तरी. हे टाळायचे कायदेशीर मार्ग आहेत. पीपीएफचे व्याज करमुक्त असते, त्यामुळे क्लबिंगने काही बिघडत नाही. फक्त पालकाचे स्वतःचे आणि मुलाचे खाते मिळून वर्षाला दीड लाखांची मर्यादा आहे. मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल तर सुकन्या समृद्धी खाते उघडता येते, त्यातलेही व्याज करमुक्त. वाढ पर्यायातल्या म्युच्युअल फंडात युनिट विकेपर्यंत उत्पन्न धरले जात नाही. मूल अठरा वर्षांचे झाल्यावर विकले तर भांडवली नफा त्याचा स्वतःचा. पैसे मात्र मुलाच्या नावाच्या खात्यातून जायला हवेत. दहा वर्षांवरील मुलांना बँकेत बचत खाते उघडून स्वतः चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये नव्याने स्पष्ट केली आहे. बक्षिसाचा धनादेश थेट तिथेच भरावा. तो घरखर्चाच्या खात्यात मिसळला, की पाच वर्षांनी कोणता रुपया मुलाच्या गाण्याचा आणि कोणता वडिलांच्या पगाराचा, हे दाखवणे अवघड होऊन बसते.